तालीम, फड आणि पडदा: कोल्हापूरच्या करमणुकीची गोष्ट

कोल्हापुरात नवख्या माणसानं “तालीम कुठं आहे?” असं विचारलं, तर समोरचा उलट विचारतो, “कुठली?” गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम, पेठ बदलली की तालीम बदलते. हाच प्रश्न नाटकवेड्या माणसाला केला, तर तो एखाद्या शाळेच्या हॉलचा पत्ता देईल आणि वर सांगेल, “साडेसातला या, आधी कोणी नसतं.” त्याच्या लेखी तालीम म्हणजे नाटक बसवणं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीनं तो मल्लालाही दिला आणि नटालाही.

‘फड’ तर त्याहून उदार. तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड, आणि पंचगंगेच्या काठानं वाऱ्यावर डोलतो तो उसाचाही फडच. हलगी तमाशात वाजते आणि मैदानात दोन मल्ल हातात हात देतात तेव्हाही वाजते.

शब्दांपासून सुरुवात केली, कारण शहराच्या करमणुकीचा इतिहास सांगताना आपण नाटकाचा एक कप्पा करतो, कुस्तीचा दुसरा, सिनेमाचा तिसरा. कोल्हापूरचा इतिहास असा कप्प्यांत भरायला गेलं की हाताशी नुसती नावं आणि सनावळ्या राहतात. मुंबईत नाटकाचे पडदे रंगवणारा वेगळा आणि यंत्र दुरुस्त करणारा वेगळा. इथं दोन्ही कामं एकाच घरात, एकाच अंगणात चालत. १९०१ च्या जनगणनेत कोल्हापूरची वस्ती होती साधारण ५४ हजार. एवढ्या गावात भारतीय सिनेमाची एक मोठी शाखा का रुजली, याचं उत्तर मला त्या अंगणात सापडतं. पण तिथं पोचायला थोडं मागून यावं लागेल.

तिकीट आलं, भिंत आली

नाट्यगृह ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती मुळात कशासाठी लागते, हा प्रश्नच पडत नाही. आपल्याकडं खेळ बघायला छप्पर कधीच लागलं नव्हतं. कीर्तन देवळात, तमाशा गावाबाहेरच्या माळावर, गोंधळ दारातल्या मांडवात, लळित देवळापुढच्या पटांगणात. प्रेक्षक येईल तिथं बसे. पैसे द्यायचा तो यजमान, देवस्थान नाहीतर राजा. बघणारा हा पाहुणा होता.

शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेही याच पद्धतीनं. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांची इच्छा, त्यांचाच पैसा, बघायला दरबारची मंडळी. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो याच प्रयोगावरून. पुढं १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा राजाश्रय सुटला. मंडळी घेऊन ते गावोगाव निघाले, १८५३ मध्ये मुंबईला पोचले आणि तिथं ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ झाले. आता पैसे देणारा राजा नव्हता. पैसे देणार होता समोर बसलेला अनोळखी माणूस.

इथं सगळं बदललं. प्रत्येकाकडून तिकीट घ्यायचं, तर तिकीट न काढणाऱ्याला खेळ दिसता कामा नये. म्हणजे आडोसा हवा, दार हवं, दारावर माणूस हवा. मग आधी कनाती आल्या, मग तंबू आणि पत्र्याचे मांडव, मग पक्क्या भिंती. आत आल्यावरही सगळे सारखे राहिले नाहीत: पुढं कोच, मागं खुर्च्या, त्यामागं बाकं, खाली पिट, बायकांची बैठक निराळी. देवळाच्या पटांगणात जात आणि मान बघून जागा मिळायची. थिएटरात खिसा बघून मिळू लागली. याला प्रगती म्हणावं का, यावर मी स्वतःशी बराच वाद घातला आहे. पण ज्याला वाड्यात कधी पाऊल टाकता आलं नसतं, तो चार आणे मोजून आत शिरू शकला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

एका आवारात कुस्ती आणि नाटक

शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदानाचं काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये ते पुरं झालं.

खासबाग आत जाऊन पाहिलं नसेल, तर मोठी पसरट परात डोळ्यांपुढं आणा. परातीच्या तळाला मधोमध लाल मातीचा हौदा, आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बसायची जागा. सपाट मैदानावर कुस्ती लावली, तर पहिल्या चार रांगांना मल्ल दिसतात आणि बाकीच्यांना पुढच्यांचे फेटे. जमीन उतरती केली की मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून थेट हौद्यात पडते. एकही खांब नाही, छप्पर नाही, यंत्र नाही, तरी हजारो माणसं एकाच वेळी एकच डाव बघतात. हौद्यातली माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला असतो. पडणाऱ्याचं अंग फाटू नये, जखम चिघळू नये, आणि पकड घसरू नये म्हणून. निकाली कुस्तीला घड्याळ नसायचं. पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती. त्यामुळं मैदान कधी सुटेल याचा भरवसा नसे, आणि प्रेक्षक भाकरी बांधूनच येत.

या मैदानाला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं. १९१५ मध्ये ते उघडलं. आज त्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. नाट्यगृहाच्या पाठीला मैदान, आणि मैदानाच्या अंगाला एक खुला मंचही. तालीम या शब्दाचे दोन अर्थ एका आवारात विटा-दगडांत उभे राहिले. विलायतेहून आलेल्या राजानं बांधलेली ही जागा विलायतेच्या एखाद्या थिएटरची नक्कल झाली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

बंद नाट्यगृहाचा प्रश्न खासबागेपेक्षा वेगळा होता. तिथं दिसण्याइतकंच ऐकू येणं महत्त्वाचं. १९१५ मध्ये माईक नव्हता. नटाचा आवाज, ऑर्गन, तबला, सारंगी हे सगळं जसंच्या तसं शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवं. आवाज तोंडातून निघाला की सगळीकडं पसरतो आणि पसरेल तसा क्षीण होतो. थेट कानावर येतो तो त्याचा थोडा भाग. बाकीचा छताला, भिंतींना आपटून येतो. हा परतलेला आवाज थेट आवाजापाठोपाठ लगेच आला, तर दोन्ही मिळून एकच भरीव आवाज ऐकू येतो. उशिरा आला तर शब्दावर शब्द चढतो आणि तोंड हलताना दिसतं पण अर्थ कळत नाही. म्हणून सभागृह फार लांब नको, छत फार उंच नको, आणि दगडी पृष्ठभाग सगळीकडं उघडा नको. लाकूड, कापड आणि खुद्द प्रेक्षकांची अंगं आवाजाचा काही भाग पिऊन टाकतात. जुनी नटमंडळी म्हणत की रिकाम्या थिएटरात गळा वेगळा लागतो आणि भरलेल्या थिएटरात वेगळा, ते अगदी खरं. पॅलेस थिएटरचं नाव झालं ते याच गुणामुळं: मागच्या रांगेलाही संगीत नाटकातल्या गाण्याची बारीकशी हरकत, गळ्याचं छोटंसं वळण, ऐकू यायची.

कंपनीचं बिऱ्हाड

थिएटर बांधलं म्हणजे रोज नाटक होतं असं नाही. आजच्यासारखं दुपारी बस येऊन रात्री प्रयोग करून परत, असं तेव्हा नव्हतं. नाटक कंपनी म्हणजे चालतं गाव. नट, साथीदार, रंगपटातली माणसं, सुतार, आचारी, पाणक्ये, दारावरची माणसं मिळून पन्नास-शंभर जणांचा संसार. त्याला बिऱ्हाडच म्हणत. भाड्यानं वाडा घ्यायचा, चुली मांडायच्या, आणि मुक्काम आठवडे न् आठवडे.

इथं छोट्या गावाचं गणित आडवं येतं. पन्नास हजारांच्या वस्तीत तिकीट काढून संगीत नाटक बघणारी घरं किती? काही रात्रींत तेवढी सगळी येऊन जातात. मग तेच नाटक कोणासाठी करायचं? म्हणून कंपनीजवळ एक नाटक असून भागत नसे. पाच-दहा नाटकं हवीत, म्हणजे तेवढे पोशाख हवेत, तेवढे पडदे हवेत, आणि एकाच नटाला तेवढ्या भूमिका पाठ हव्यात. एवढं करून प्रेक्षक आटले की सामान रेल्वेत चढवून पुढचं गाव. कोल्हापूरला १८९१ पासून मिरजेवरून फाटा आला होता, म्हणून पडद्यांच्या गुंडाळ्या आणि सिंहासनं इथवर पोचू शकली. नाटकाचा इतिहास सांगताना रेल्वेला बाहेर ठेवतात, ते मला पटत नाही.

या जगात कोल्हापूरचा वाटा मोठा. गोविंदराव टेंबे इथले. ‘संगीत मानापमान’चं १९११ मधलं संगीत त्यांचं. दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, आणि १८८३ पासूनचा देवल क्लब गाण्याच्या बैठका भरवत होता. त्यामुळं गाणं कळणारा प्रेक्षक इथं घडत गेला. आणि केशवराव भोसले तर याच मातीतले, जन्म ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, वडील लवकर गेलेले. पोरवयातच ते नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ची भूमिका करून नावारूपाला आले. १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली, तेव्हा त्यांचं वय अठरासुद्धा नव्हतं. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला संयुक्त ‘मानापमान’ मराठी माणूस अजून विसरलेला नाही: बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस. शाहू महाराज पुढच्या वर्षी, ६ मे १९२२ ला गेले. पॅलेस थिएटर उघडून अजून सात वर्षंही झाली नव्हती.

याच काळात कोल्हापूर संस्थानात सत्यशोधक जलसेही रंगत होते. बाज तमाशाचा, ढोलकी तीच, पण बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबांत, सावकार, भटभिक्षुकी आणि मुलाबाळांच्या शाळेचा विषय. जलशाला थिएटर लागायचं नाही. गावच्या चावडीपुढं तो उभा राहायचा. करमणुकीचा इतिहास इमारतींवरून लिहिला की जलसा त्यातून गळतो, म्हणून इथं मुद्दाम नोंदवतो.

मेस्त्रींचं अंगण

आता त्या अंगणाकडं वळू. जुन्या नाटकाचा पडदा म्हणजे नुसतं बंद करायचं कापड नव्हे. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, अरण्याचा, बागेचा. एकामागं एक गुंडाळून वर टांगलेले. प्रवेश बदलला की दोरी सोडायची आणि नवं ठिकाण खाली उतरायचं. दोन्ही बाजूंना विंगा, वर झालर. पडद्यावरचा रस्ता खरा वाटावा म्हणून चित्रकार दोन्ही कडांच्या रेषा दूरवर एका बिंदूकडं नेतो. जवळची घरं मोठी, लांबची लहान, रंगही लांब जाताना फिकट. चार पावलं मागं ताणलेल्या सपाट कापडावर अर्ध्या मैलाचा रस्ता दिसायला लागतो. रंग पूडीचा, त्यात सरस मिसळायचा, आणि कापड एवढं अवाढव्य की चित्रकाराला त्याच्यासमोर चालत चालत काम करावं लागे.

कोल्हापुरात हे काम करणारे दोघे चुलतभाऊ होते, आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. बाबूरावांचे वडील कृष्णराव सुतारकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम, चित्रकला सगळं जाणणारे. घरात करवत आणि कुंचला शेजारी शेजारी. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून दोघांचं नाव दूरवर गेलं होतं. अशात १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमानं झपाटलं.

सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. तो परदेशातून आणायचा, तर पैसा आणि ओळख हवी. यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला, त्याची यंत्रणा समजून घेतली आणि ठरवलं की कॅमेरा घरीच करायचा.

हे धाडस किती मोठं होतं हे कळायला कॅमेऱ्याच्या पोटात डोकवायला हवं. फिल्म सलग सरकत राहिली तर चित्र पुसट येतं. म्हणून ती क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणात उजेड आत आला पाहिजे, मग झडप बंद होऊन फिल्म बरोबर एक चित्र पुढं सरकली पाहिजे, आणि पुन्हा थांबली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा, तेही हातानं दांडा फिरवून. घरातलं शिलाईचं मशीन आठवा. सुई वर गेली की खालचे दाते कापड एक टाका पुढं ढकलतात. सुई खाली आली की कापड जागच्या जागी. चालणं-थांबणं, चालणं-थांबणं. कॅमेऱ्यातले दाते फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून हेच करतात. फरक एवढाच की शिलाईत टाका केसभर हलला तर चालतो. इथं केसभर फरक पडला तर पडद्यावर अख्खा राजवाडा थरथरतो. म्हणजे दाते, चाकं, कणे लेथवर अगदी काटेकोर कातले पाहिजेत.

हे काम अर्धवट असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते पुढं नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. या एका गोष्टीवर मी नेहमी थांबतो. बँकेनं नाही, सरदारानं नाही. बैठकीत गाऊन मिळवलेल्या पैशातून एका बाईनं कोल्हापूरच्या पहिल्या फिल्म कंपनीला हात दिला. देवल क्लबचं कोल्हापूर, पॅलेस थिएटरचं कोल्हापूर आणि सिनेमाचं कोल्हापूर वेगळं काढता येत नाही, ते म्हणूनच.

१९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा उतरला होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला. आणखी एक मोठी गोष्ट या चित्रपटानं केली. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंक्यांनी ती भूमिका केली होती. ‘सैरंध्री’त बायकांची कामं बायकांनी केली. गुलाबबाई पडद्यावर कमलादेवी झाल्या, अनसूयाबाई सुशीलादेवी. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. नव्या नावांची गरज का पडली, ते वेगळं सांगायला नको.

पडदे रंगवून नाव मिळवलेल्या बाबूरावांनी आपल्या चित्रपटांतून रंगवलेले पडदे काढून टाकले. कारण त्यांना पडद्याची नस माहीत होती. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसून बघतो, म्हणून रेषांची फसवणूक टिकते. कॅमेरा जागा बदलतो, उजेड कडेनं येतो, आणि सपाट कापड सपाटच दिसायला लागतं. मग त्यांनी खांब खरे उभे केले, कमानी खऱ्या केल्या, सावल्या खऱ्या पडू दिल्या. सुताराच्या घरातला चित्रकार असल्याचा हा फायदा. ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर चित्रीकरण म्हणजे सूर्याची मर्जी, आणि कोल्हापूरचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला ही मर्जी जून ते सप्टेंबर कशी असते ते ठाऊक आहे.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ तर देव, राजे, युद्धं सगळं सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडं वळला. तो शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे नावाचा कोल्हापूरचा तरुण. लहानपणी त्यानं गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली होती, मग बाबूरावांच्या कंपनीत पडेल ते काम केलं. जग त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखतं.

पेटीतला खेळ

नाटक मंडळ्यांना सिनेमानं का मागं सारलं, हे रुचीपेक्षा ओझ्यावरून लवकर कळतं. नाटकाचा खेळ करायला शंभर माणसांना गावी न्यावं लागतं, जेवू घालावं लागतं. सिनेमाचा खेळ पत्र्याच्या डब्यात मावतो. तो डबा रेल्वेनं किंवा बैलगाडीनं कुठंही जातो आणि नटाचा घसा कधी बसत नाही. रात्री एकच खेळ असं बंधन नाही. दोन करा, तीन करा. तिकीट म्हणूनच स्वस्त. मूकपट असेतोवर पडद्याशेजारी पेटी-तबला वाजवणाऱ्यांना काम होतं. बोलपट आला आणि तेही उठले. सरकारचंही या गर्दीकडं लक्ष गेलं होतं. मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये करमणूक कराचा कायदा झाला. तो कर पुढं जवळजवळ एक शतक तिकिटावर छापला गेला आणि २०१७ मध्ये जीएसटीत विरघळला.

बाबूरावांचे शिष्य दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ ला कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये इथंच तयार झाला. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. नाटकाचं घराणं असं सरळ बोलपटात आलं. आणि पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, प्रभातनं कोल्हापूर सोडलं आणि पुणं गाठलं.

या जाण्याचं दुःख कोल्हापूरकर अजून उगाळतात. मीही उगाळतो. पण कारणं समजून घेतली की राग निवळतो. मूकपटाला हवा होता उजेड, सुतार आणि कल्पक चित्रकार, आणि हे तिन्ही इथं होतं. बोलपटाला बाहेरचा आवाज न येणारा बंद स्टुडिओ हवा, भरवशाची वीज हवी, परदेशी यंत्रांचे सुटे भाग हवेत, आणि वितरक बसतात त्या मुंबईशी रोजचा संबंध हवा. मुख्य लोहमार्गापासून आत असलेल्या गावाला ते जड जातं. मेस्त्रींच्या अंगणातून कॅमेरा निघू शकला. ध्वनिमुद्रणाचं यंत्र तिथून निघणं कठीण होतं.

सगळंच गेलं असं नाही. शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या पाठिंब्यानं कोल्हापूर सिनेटोन निघाली, शालिनी सिनेटोन निघाली. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये लहानग्या लता मंगेशकर इथं नोकरीला होत्या. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भस्म झाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. पुढं काही दशकं मराठी चित्रपटातलं गाव, पाटलाचा वाडा, पाणवठा, तमाशाचा फड हे सगळं कोल्हापूरच्या परिसरातच उभं राहत होतं. २०२२ मध्ये जयप्रभाची जागा विकली गेल्याचं कळलं, तेव्हा शहर रस्त्यावर आलं. एरवी जागा विकल्यावर कोण रस्त्यावर येतं?

बघण्याच्या जागांचं काय झालं, ते चौकांची नावं सांगतात. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज, पद्मा टॉकीज. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण आजही सिनेमाचीच नावं घेतो. जत्रेला तंबूतल्या टुरिंग टॉकीज यायच्या, वाळूत बसून पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सिनेमा बघायचा. मागून बघणाऱ्याला नायक डावखुरा दिसे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, मग रंगीत टीव्ही, व्हिडिओ, केबल, आणि आता खिशातला फोन. आठशे खुर्च्यांचं घर रोज भरायचं गणित पुन्हा तिथंच अडलं, जिथं नाटक कंपनीचं अडलं होतं.

८ ऑगस्टची रात्र

संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. पॅलेस थिएटर राजाचं होतं, ते लोकांचं झालं, आणि १९५७ मध्ये त्याला केशवरावांचं नाव मिळालं. राज्य नाट्यस्पर्धा, शाळांची संमेलनं, शाहिरी, व्याख्यानं, सगळं तिथं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी जन्मातलं पहिलं वाक्य याच मंचावर घाबरत घाबरत म्हटलं आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जुनं नाट्यगृह पेटलं की वाचवणं का अवघड जातं, हेही समजून घ्यावं. मंचाची फळी लाकडाची, वर पडदे टांगायला उंच पोकळी, तीत दोर, कापड, लाकडी चौकटी, दिव्यांच्या तारा. ही पोकळी धुराड्यासारखं काम करते. खालची ज्वाळा वर ओढली जाते आणि छत धरते. छत कोसळलं की खुर्च्या पेटतात. त्या रात्री मंच गेला, प्रेक्षागृह गेलं. दगडी दर्शनी भाग उभा राहिला. माणसं भिंतीबाहेर उभी राहून रडत होती. त्यांत नट होते, तंत्रज्ञ होते, आणि कधी तिकीट न काढलेलेही होते.

नाट्यगृह होतं तसंच उभं करायचं ठरलं. ‘होतं तसंच’ या शब्दांत बरंच काही येतं. दगड मिळतील, नक्षीकाम करणारे हात अजून कोल्हापुरात आहेत. खरी कसोटी दिसत नाही त्या गोष्टीची. छताचा उतार चार बोटं बदलला, भिंतीवर लाकडाऐवजी दुसरं काही बसवलं, खुर्च्यांचं कापड बदललं, तरी आवाज बदलतो. म्हणून माझी एकच विनंती आहे. पहिल्या प्रयोगाआधी एकदा सगळे माईक बंद ठेवा, मंचावर कोणाला तरी ‘मानापमान’मधलं एक पद म्हणू द्या. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकेन.